पॉइंट कुणाच्या नावावर

या लेखात कुणाचंही नाव घ्यायचं नाही असं मी ठरवलंय. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, चष्मा लावून अक्षरन् अक्षर वाचतात आणि नको तिथं बोट ठेवतात. गंमत अशी की गोष्ट सगळी नावाचीच आहे.

मंगळवार पेठेत आमचं घर, आणि पुढच्या खोलीत माझं पिको-फॉलचं मशीन. फॉल, दोरे, अस्तर असलं सगळं मी फोनवरून मागवायची. एक दिवस लेकीनं ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. ती कॉलेजात शिकते, आणि तिच्या मते आमच्या घरात जे काही होतं ते कमी हुशारीनं होतं. "आई, एवढं मागवतेस आणि पॉइंट सोडून देतेस?" असं म्हणत तिनं तिथल्या तिथं एका विमान कंपनीत माझं खातं उघडलं. खरेदी नेहमीचीच, दुकानंही नेहमीचीच. फक्त आधी विमान कंपनीच्या ॲपमध्ये शिरायचं, तिथल्या यादीतून दुकान उघडायचं आणि मग काय घ्यायचं ते घ्यायचं. पुरेसे पॉइंट जमले की विमानाचं तिकीट.

पहिल्याच दिवशी मी घोटाळा केला. बिडाची कढई बघून इतकी हरखले की थेट दुकानाच्या ॲपमध्ये गेले. कढई आली, पॉइंट काही आले नाहीत. लेक समजावून समजावून थकली. शेवटी जपमाळ ओढत बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "अगं, नृसिंहवाडीला गेल्यावर काय करतीस? आदी नदीत पाय धुतीस, मग दर्शन. तसंच की हे. आदी विमान, मग बाजार." त्या दिवसापासून माझी चूक झाली नाही.

आमचे हे मात्र हसले. "कढईवर विमान उडतंय व्हय?" म्हणाले आणि पुढचे आठ दिवस भेटेल त्याला तेच सांगत सुटले. मला राग आला. मला राग आला की मी बोलत नाही, करून दाखवते. मी ठरवलं, तिकीट काढायचं ते पॉइंटवरच, आणि जायचं ते अक्काकडं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, बेंगळुरूला असते. गारगोटीला आम्ही दोघी एका दप्तरात पुस्तकं घालून शाळेत गेलो. आता तिच्या दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिलाय, आणि माझ्या कमरेतली चकती सरकल्यापासून रात्रभराची बस मला डॉक्टरांनी बंद केलीय. चार वर्षं आम्ही फोनवरच भेटत होतो. आई-वडील गेल्यावर मला लग्नाआधीच्या नावानं हाक मारणारी ती एकटीच उरलीय.

हे नावाचं आता सांगायलाच हवं. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर नवरीचं नवं नाव लिहितात. माझंही लिहिलं. कारण असं की माझं माहेरचं नाव आणि आत्याबाईंच्या थोरल्या जाऊबाईंचं नाव एकच होतं. थोरल्या जावेचं नाव तोंडातून काढायचं नाही, ही आत्याबाईंची रीत. मग सुनेला हाक कशी मारणार, आणि रागवायचं झालं तर कसं रागवणार? म्हणून मला नवीन नाव मिळालं. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, नवीन साडीसारखं नवीन नाव. अक्काला मात्र वाटलं. भर मांडवात ती आत्याबाईंना म्हणाली, "आमी पोरगी दिलीया, नाव न्हाय दिल्यालं."

तेव्हापासून दोघींचं जेवढ्यास तेवढं. अक्काचा फोन आला की ती मुद्दाम माझं जुनं नाव घेऊन विचारणार, आहे का म्हणून. आत्याबाई शांतपणे म्हणणार, "थांबा, सूनबाईला देतो." तीस वर्षांत दोघींपैकी एकीनंही माघार घेतली नाही. त्या थोरल्या जाऊबाई वारल्याला बारा-पंधरा वर्षं झाली, पण आत्याबाईंच्या तोंडून ते नाव मी कधीच ऐकलं नव्हतं.

तर पॉइंट. गल्लीत ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. फॉल लावायला येणाऱ्या बायका साडीबरोबर आपापली यादी आणायला लागल्या. "वहिनी, कायतरी मागवायचंच हाय, तुमच्या विमानातनं मागवा की." कुणाचा डोशाचा तवा, कुणाचा रेनकोट, कुणाच्या नातीचा वाढदिवसाचा फ्रॉक. पलीकडच्या गल्लीतल्या दूधवाल्या भाऊंनी तर म्हशींच्या गोठ्यासाठी आठ रबरी मॅट मागवल्या. मॅट घेऊन आलेल्या माणसाला घाम फुटला होता. "पावणं, बसा जरा, पाणी घ्या," म्हणून आत्याबाईंनी त्याला गूळ-पाणी दिलं आणि मला आत येऊन विचारलं, "म्हशीचं किती पडलं?"

भरपूर पडले. म्हशींना कल्पना नसेल, पण बेंगळुरूच्या निम्म्या वाटेपर्यंत मला त्यांनीच नेलं. अर्थात चढउतार होतेच. शेजारच्या काकूंनी मिक्सर मागवला, आवाज जास्त करतो म्हणून परत पाठवला, आणि मिक्सरबरोबर माझे पॉइंटही परत गेले. त्या दिवशी मी काकूंशी जरा तुटकच वागले, हे कबूल करते.

असं करत करत दीड वर्षात तिकिटापुरते पॉइंट झाले, आणि नेमकी त्याच आठवड्यात अक्काच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरली. पुढचा सोमवार. अक्का फोनवर म्हणाली, "तू आल्याबिगर मी टेबलावर झोपतच न्हाय, डॉक्टरला सांगून ठेवलंय." हसत म्हणाली, पण कधी येतेस ते तीनदा विचारलं. आयुष्यात कुणाला न भ्यालेली माझी बहीण भ्याली होती. मी सांगितलं, शनिवारी येते.

लेकीनं तिकीट काढायला घेतलं आणि नाव ओळखपत्राप्रमाणंच हवं हे वाचून थांबली. मला कळेना काय झालं. मग म्हणाली, "आई, आधार दाखव."

आधार कार्डावर माझं जुनं नाव आहे. ते काढताना मी शाळेचा दाखला नेला होता. तिथल्या माणसानं दाखल्यावर होतं तेच नाव टाकलं आणि पुढं नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव लावलं. मी बघितलं होतं. दुरुस्त करा म्हणायला तोंडही उघडलं होतं, पण मीच परत मिटलं. कुठंतरी असू दे, असं वाटलं. घरात कुणी आधार वाचत बसत नाही, त्यामुळं हे कुणाला कळलं नाही. आणि लेकीनं खातं उघडलं ते घरच्या नावानं. मावशीच्या तोंडचं नाव कागदावरही असेल, हे तिला कुठनं माहीत असणार?

पॉइंटवरचं तिकीट खातेदाराच्याच नावावर मिळणार, आणि विमानतळावर आधारवरचंच नाव चालणार. खात्यावर एक बाई, आधारवर दुसरी. कंपनीच्या मदत केंद्रातल्या मुलीनं फार गोड आवाजात विचारलं, "मॅडम, या दोघी एकच आहेत याचा काही पुरावा आहे का?" मी आधी हसले. मग फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. तीस वर्षं एका नावानं राबले त्याचा कागद नाही, आणि ज्या नावाचा कागद आहे त्या नावानं मला या शहरात कोणी ओळखत नाही.

पुरावे शोधायला आम्ही कपाट उपसलं. लग्नपत्रिका सापडली, तीत जुनं नाव. अल्बममध्ये तांदळाच्या ताटाचा फोटो सापडला, त्यात नवं नाव. लेकीनं दोन्ही पाठवले. कंपनीचं उत्तर आलं की तांदळाचा फोटो ग्राह्य धरता येत नाही. लग्नाआधीपासून ओळखणाऱ्या कुटुंबातल्या व्यक्तीचं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र पाठवा, ते आलं की दोन दिवसांत नाव बदलू. तो दिवस मंगळवार होता.

अक्काला त्या गुडघ्यांनी नोटरीकडं धाडणं शक्य नव्हतं. "मी करतो की सही," हे म्हणाले. पण ह्यांच्या आधारवर ह्यांच्या वडिलांचंच नाव चुकलेलं, म्हणजे आधी ह्यांचीच साक्ष काढायची वेळ. मग हे खरोखर मायेनं म्हणाले, "सोड गं, मी पैशानं तिकीट काढतो." मला ते नको होतं. पैशाचा प्रश्नच नव्हता. त्या कढया, ते तवे, ते फॉलचे ढीग माझे होते. बुधवारपर्यंत काही झालं नाही तर ह्यांच्या पैशाचं तिकीट घ्यायचं, असं मी मनाशी मान्य केलं आणि चेहरा पाडून मशीनवर बसले.

आत्याबाई आतून आल्या. पातळ बदललेलं, हातात पिशवी.

"चल. मी येतो सहीला."

"तुम्ही कशाला आत्याबाई, एवढं ऊन..."

"नाव मी बदलल्यालं. मीच सांगाय पायजे."

कोर्टाबाहेरच्या एका टेबलावर नोटरी करणाऱ्या वकीलबाईंनी मजकूर टाइप करून घेतला. मग त्यांनी आत्याबाईंना विचारलं, "आजी, सुनेचं लग्नाआधीचं नाव काय होतं? तुमच्या तोंडानं सांगा."

आत्याबाईंनी कागदाकडं बघितलं. डोक्यावरचा पदर सारखा केला. माझ्याकडं बघितलं. "कागदावर हाय की," म्हणाल्या, "वाचा."

"आजी, कागदावर आहे ते मी लिहिलंय. तुम्ही सांगायला हवं."

आत्याबाईंनी त्या नावावर बोट टेकलं. "हे. हेच. आन् ही तीच हाय. दोगी एकच हायती." वकीलबाईंना हे सगळं नवीन नसावं. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली आणि कागद सहीला पुढं केला. आत्याबाईंनी सही केली, तीही अगदी सावकाश, एकेक अक्षर जोडत. मग शिक्का पडला.

रिक्षात त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. घर जवळ आल्यावर म्हणाल्या, "तुज्या अक्काला कवठाची बर्फी आवडती न्हवं? वाडीची हाय घरात. घिऊन जा." मी बरं म्हटलं.

गुरुवारी संध्याकाळी खात्यावरचं नाव बदललं. सगळे पॉइंट जुन्या नावावर आले. म्हणजे खरेदी करून दमली ती एक, आणि खिडकीजवळ बसायला मिळालं दुसरीला. गल्लीतल्या बायकांनी मला ओवाळायचंच काय ते बाकी ठेवलं. दूधवाल्या भाऊंनी म्हशींच्या वतीनं शुभेच्छा दिल्या. ह्यांनी विमानतळावर सोडताना विचारलं, "कढई घेतलीस न्हवं बरोबर?" आणि मी पहिल्यांदाच ह्यांच्यावर मनापासून हसले.

विमानाच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलीनं माझा कागद बघितला आणि हसून जुन्या नावानं नमस्कार केला. मी एकदम मागं वळून बघितलं, कुणाला म्हणते म्हणून. मग लक्षात आलं.

अक्काच्या घरी पोचले तेव्हा दुपार झाली होती. ती काठी टेकत दारापर्यंत आली, मला धरून ठेवलं, बर्फीचा डबा आत्याबाईंचा म्हटल्यावर नाक मुरडलं आणि लगेच एका वडीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं तो हातातल्या बर्फीसकट कानाला लावला आणि तिचा चेहरा बदलला. चघळायची थांबली. मला वाटलं, दवाखान्यातून काही वाईट आलं. मी घाबरून विचारलं, कोण आहे?

अक्कानं तोंडातली बर्फी गालात सरकवली. बटण दाबून आवाज मोठा केला आणि फोन माझ्यापुढं धरला. आत्याबाईंचा आवाज होता, मोठा, पेठेतला, पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असा. माझं जुनं नाव घेऊन त्या विचारत होत्या, पोचली काय म्हणून. कुणी बोलत नाही बघून त्यांनी परत एकदा विचारलं, नाव घेऊनच.

अक्कानं पदरानं डोळे पुसले. "थांबा," ती म्हणाली, "तुमच्या सूनबाईला देतो."