झडती न घेतलेले कान

लोक बाहेरगावी निघाले की आपले ससे पडदेवाल्या ताईकडे ठेवून जायचे. ताई पोटासाठी पडदे शिवायची, पण जीव सगळा सशांत. मागच्या खोलीत पाहुण्यांचे पिंजरे, आणि शिलाई मशीनच्या पायाशी तिची स्वतःची म्हातारी ससुली, ढब्बू, महाराणीसारखी पसरलेली.

ताईचा नियम कडक होता. आलेल्या सशाचे कान दारातच टॉर्चनं बघायचे. आत खपली दिसली, मानेच्या केसांत कोंडा दिसला, की स्वारी आल्या पावली परत. "खरजेचा किडा डोळ्यांना दिसत नाही, पण एकटा कधी येत नाही, गोतावळा घेऊन येतो," ती म्हणायची. शाळेच्या मोठ्या बाईंनाही तिनं दारातून माघारी धाडलं होतं.

धाकटी बहीण मात्र टोपली घेऊन थेट आत आली. ताईचा हात सवयीनं टॉर्चकडे गेला, तशी ती खिदळली. "अगं बाई, माझ्या सशाचीही झडती? उद्या माझेही कान तपासशील!"

ताई ओशाळली. कान राहिले बघायचे. वर घरचा पाहुणा म्हणून तिनं त्याला पिंजऱ्यात न कोंडता ढब्बूबरोबर मोकळा सोडला.

धाकटी फिरतीवरून परतायच्या आधीच ढब्बू डोकं झटकायला लागली. मग मागच्या पायानं कान ओरबाडणं सुरू झालं. आत तपकिरी खपल्या, पावाच्या चुऱ्याचे थर बसावेत तशा. पिंजऱ्यातले दोघंतिघंही खाजवताना दिसले. ताईनं सगळं खटलं जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी धाकटीचा ससा उचलला. "हे ध्यान माझ्या ओळखीचं आहे. तुमच्या बहिणीनं आणलं होतं. एक इंजेक्शन दिलं, निम्म्या खपल्या गळल्या, दुसऱ्याला बाई फिरकल्याच नाहीत. बजावलं होतं, पुरता बरा होईपर्यंत दुसऱ्या सशाजवळ नेऊ नका."

"बजावलं होतं?" ताईनं विचारलं. तिला उत्तर नकोच होतं.

धाकटी आली तेव्हा ताई मोरीत पिंजऱ्यांवर उकळतं पाणी ओतत होती.

"तुला ठाऊक होतं," ताई म्हणाली.

"सांगितलं असतं तर ठेवून घेतलं असतंस?"

"घेतलं असतं. वेगळ्या खोलीत. दुसरं इंजेक्शनही मीच देऊन आणलं असतं."

धाकटी हळूच म्हणाली, "लोकांना सांग ना, दुकानातून आणलेल्या गवतातून आलं. कोण बघायला येतंय?"

"फोन करून झाले. बहिणीच्या सशाकडून लागलं, आणि मी कान बघितले नाहीत, दोन्ही सांगितलं."

"सख्ख्या बहिणीची अब्रू अशी चव्हाट्यावर मांडतात, ताई?"

"परक्यानं गळा कापला असता तर निदान सुरी दिसली असती. तू केसानं कापलास गं."

ढब्बू बरी झाली. पण मागची खोली रिकामीच राहिली. ज्यांचे ससे खाजवत घरी गेले, त्यांनी पुन्हा आणले नाहीत, आणि ताईनं त्यांना दोषही दिला नाही.

बहिणींचं बोलणं तुटलं नाही. धाकटी फोन करते, ताई उचलते. पण "ताई, मी बरी आहे हं," असं धाकटीनं म्हटलं, की फोन ठेवून ताई मेहुण्यांना लावते. "खरंच बरी आहे ना ती?"