दोन गावांचा गुणाकार

लग्नानंतर बरीच वर्षं मी अमरावतीत शिकवत होते आणि नवरा अकोल्याला, सिंचनाच्या कार्यालयात. दोघांचीही नोकरी सरकारी, बदलीची. एका वर्षी बदल्यांचे अर्ज निघाले तेव्हा मी त्यांना म्हटलं, तुम्ही नका हलू, मी येते. ते म्हणाले, तू नको हलू, मी येतो. आता आमच्या वऱ्हाडात जेवणाच्या ताटापासूनच 'नको'ला कुणी विचारत नाही. पाहुण्यानं हातानं वाटी झाकली तरी आपण बाजूनं रस्सा ओततोच; न ओतला तर तो घरी जाऊन नावं ठेवतो. तेव्हा दोघांनीही समोरच्याचं 'नको' आग्रहातलं समजून गुपचूप अर्ज केले, आणि दोन्ही मंजूर झाले. मी अकोल्याला आले, ते अमरावतीला गेले.

लोक पोट धरून हसले. आम्हाला काही हसू आलं नाही.

"तू काहून भरला अर्ज? मी नाही म्हटलं होतं ना?" ते फोनवर म्हणाले.

"तुमी तरी काहून भरला?"

"मले वाटलं, तू वरवरचं नाही म्हणून राहिली."

याचंच मला जास्त लागलं. एवढ्या वर्षांत माझा एक शब्द खरा मानायला काय झालं होतं? आणि त्यांचा शब्द मी तरी कुठे खरा मानला होता, हे मात्र तेव्हा सुचलं नाही. हात दाखवून अवलक्षण झालं होतं, एवढं खरं. एका घरात राहायचं म्हणून धडपडलो आणि फक्त गावं बदलून बसलो.

त्याच काळात अमरावतीच्या विद्यापीठात माझं पीएच.डी.चं काम चालू होतं. विषय मेळघाटातल्या धारणीकडच्या गाड्यांचा. तिकडे बस एका वाटेनं जाते, जीप दुसऱ्या. त्या कुठल्या गावी एकमेकींना भेटतील, म्हणजे माणसाला एकीतून उतरून दुसरीत बसता येईल, हे मला काढायचं होतं. बसच्या रस्त्यांचा एक ग्राफ, जीपच्या रस्त्यांचा दुसरा. ग्राफ म्हणजे काही फार नाही: गावांची टिंबं आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. दोन ग्राफांचा गुणाकार केला की प्रत्येक टिंब जोडीचं होतं, बस या गावी आणि जीप त्या गावी असं. गावं थोडी असली तरी जोड्या भरमसाट होतात. म्हणून मी कॉम्प्युटरच्या सी भाषेतली एक लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच, घेतला होता. गुणाकाराला त्या लायब्ररीत एकच ओळ लिहावी लागते. पुढे ती स्वतःच काम अनेक थ्रेडमध्ये वाटून देते, लग्नघरी चार बायकांनी एकच कणकेचा गोळा वाटून घेऊन पोळ्या लाटाव्यात तसं.

पहिलं उत्तर आलं ते दुभंगलेलं. बसचा ग्राफ अखंड होता, जीपचाही अखंड होता, पण गुणाकाराचे दोन तुकडे पडले होते आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात जाणारी एकही रेघ नव्हती. म्हणजे निम्म्या सुरुवाती अशा, की त्यातून निघालेल्या बस आणि जीप जन्मात भेटणार नाहीत. मी थ्रेडना शिव्या घातल्या. एकाच जागी दोन थ्रेड लिहीत असतील, एकाचं लिहिलेलं दुसरा पुसत असेल. मग सगळं काम एकाच थ्रेडवर चालवलं. चहा करून, पिऊन, कप विसळून झाला तरी ते चालूच होतं. शेवटी उत्तर आलं तर तेच. नाचता येईना अंगण वाकडं.

असं अडलं की मी गणित जमेल तेवढं लहान करते. कागदावर दोनच टिंबं काढली. नावं द्यायची म्हणून एकाला अकोला लिहिलं, दुसऱ्याला अमरावती; मध्ये एक रेघ. असे दोन ग्राफ, एकावर मी, एकावर ते. माझ्या गुणाकारात नियम असा होता की दर खेपेला दोघांनीही हलायचं. मी अकोल्यात, ते अमरावतीत. दोघं हललो: मी अमरावतीत, ते अकोल्यात. परत हललो: होतो तिथेच. एका गावात दोघं, ही जोडी दुसऱ्या तुकड्यात होती. मी पेन खाली ठेवलं आणि एकटीच रडले.

लायब्ररीचं काही चुकलं नव्हतं. मेळघाटातले रस्ते झाडाच्या फांद्यांसारखे, गोल फिरून येणारी वाट नाही, म्हणून तिथेही तसंच झालं होतं. मी एका ग्राफमध्ये एका टिंबाला स्वतःशीच जोडणारी रेघ दिली, म्हणजे त्या गावी गाडीनं एक खेप थांबलं तरी चालेल. पुन्हा चालवलं. सगळं एकसंध झालं.

शनिवारी अमरावतीत मार्गदर्शकांना भेटून मी नवऱ्याच्या खोलीवर गेले आणि तो कागद पुढे ठेवला. दोन्ही खेपा बोटानं हलवून दाखवल्या.

"आपण दोघंबी चांगले, म्हणून भेटून नाही राहिलो, असं म्हन."

"असंच."

"मंग कोन थांबन?"

"मी," म्हटलं. म्हणायला सोपं नव्हतं. जाणाऱ्या बाईचं कौतुक असतं. जागच्या जागी बसून नवऱ्याला 'तुम्ही या' म्हणणारी लोकांना आढ्यताखोर वाटते, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटायची.

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "खरंच नाही भरनार अर्ज?"

"खरंच नाही. तुमी या. मले तुमी पाहिजे तिथं."

एवढं सरळ मी त्यांना कधी बोलले नव्हते. त्यांनी मान डोलावली.

त्या वर्षी अर्जांची मुदत संपेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांचा नामंजूर झाला तर? मीही एक भरून ठेवला तर काय बिघडेल? दोनदा अर्ज उघडला आणि दोनदा बंद केला. त्यांचा मंजूर झाला. ते अकोल्याला आले.

पहिल्या सोमवारी सकाळी मी पाहिलं तर ते पलंगावर पिशवी भरत होते. दोन शर्ट, टॉवेल, दाढीचं सामान. रविवार घरी काढून सोमवारी निघायची इतक्या वर्षांची सवय. दाढीच्या सामानापर्यंत आल्यावर त्यांचे हात आपोआप थांबले, आणि ते म्हणाले, "मी कुठं चाललो?"

"ऑफिसले," मी म्हटलं. "दुपारी जेवायले घरी या."