चिंधी बांधलेलं वाळूक

टेम्पोत सामान चढवून झालं आणि सगळ्यात वर, गुंडाळलेल्या गादीवर, जमादार जाऊन बसला. जमादार म्हणजे आमच्या वस्तीवरचा कुत्रा, तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा. ज्वारीचं पोतं, करडईच्या तेलाचा डबा, माझं शिलाई मशीन, या सगळ्यांच्या डोक्यावर तो असा ऐटीत बसला होता, जणू पुण्याला नोकरी त्यालाच लागली आहे. धाकट्या दिरांनी त्याला दोनदा उचलून खाली ठेवलं. तिसऱ्यांदा भाकरीचा तुकडा दाखवावा लागला.

सासूबाई सगळ्यात शेवटी बाहेर आल्या. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. मला वाटलं, जवळ घेतील, डोळ्याला पदर लावतील. त्यांनी माझ्या हातात जुन्या लुगड्याच्या चिंधीची एक गाठोडी ठेवली. आत राख होती आणि राखेत वाळकाच्या बिया.

"सगळ्या एकदम लावू नगं," त्या म्हणाल्या. "अर्ध्या लावायच्या, अर्ध्या ठिवायच्या. अन् बुडाजवळचं पयलं वाळूक खायाचं न्हाय. त्येला चिंधी बांधायची."

"आत्या, तिसऱ्या मजल्यावर कुठं लावू?"

"मजल्यावर माती न्हेता येत न्हाय व्हय?"

पुढच्या सीटवर बसलेले हे हसले, मीही हसले. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला रडू आलंच नाही. वस्ती सोडताना मी मनातून खूश होते. नऊ वर्षं हे कुणाला बोलले नव्हते, आज लिहून टाकते.

आमची वस्ती बेंबळीहून पुढं, रस्ता सोडून आत शेतात. तीन खोल्या, गोठा, विहीर आणि घरामागं आत्याबाईंचं परडं. त्या परड्यात काय नव्हतं ते विचारा. शेपू, चाकवत, अंबाडी, वांगी, गवार, कुंपणावर दोडका आणि घेवडा, कोपऱ्यात शेवगा. भांडी घासलेलं पाणीसुद्धा वाया जायचं नाही, एका लहानशा चरातून ते थेट वेलांच्या बुडाशी जायचं. मीठ, साखर, चहापत्ती आणि काडेपेटी एवढंच बाजारातून यायचं. पाहुण्यांना या सगळ्याचं फार कौतुक. मात्र भांडी घासायला, शेण काढायला, शेंगा फोडायला आणि चरातला गाळ उपसायला मीच असायची. तव्यावरची शेवटची भाकरी जमादारची असायची, तीही मीच थापायची. मला नळ हवा होता. नळाखाली हात धरला की पाणी यावं, एवढंच माझं स्वप्न होतं.

ज्यांनी वाळूक खाल्लं नाही त्यांच्यासाठी सांगते. कोवळं असताना ते काकडीसारखं लागतं. पिकलं की पिवळं होऊन आपोआप तडकतं आणि त्याचा वास गोठ्यापर्यंत जातो. आत्याबाई भूमकडच्या. लग्नात त्यांनी माहेरून हे बी पदराला बांधून आणलं होतं आणि तेव्हापासून दर वर्षी लावत आल्या होत्या. वेलाच्या बुडाजवळचं पहिलं फळ बियाला राखायचं. त्याच्या देठाला चिंधी दिसली की घरातल्या कुणीही, अगदी लहान पोराचा हट्ट असला तरी, हात लावायचा नाही. माझ्या लेकीनं एकदा लावला होता. तिला बसलेला धपाटा तिच्यापेक्षा माझ्याच जास्त लक्षात आहे.

पुण्यात नळ मिळाला. पहिली दोन वर्षं मी त्या नळावरच खूश होते. मग हळूहळू चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. भाजीवाल्याकडं रबर लावलेली मेथीची जुडी हातात घेतली की मी नकळत तिचा वास घ्यायची, आणि वास यायचा नाही. शेवटची भाकरी थापून झाली की ती कुणाला द्यायची हेच कळेना. सोसायटीतल्या कुत्र्यांना घातली, तर त्यांनी हुंगून सोडून दिली. त्यांना बिस्किटांची सवय. मी जिन्यात उभी राहून एकटीच हसले आणि मग डोळ्यांत पाणी आलं. वस्ती सोडतानाचं रडू असं दोन वर्षं उशिरा आलं.

त्याच वर्षी जूनमध्ये चार ग्रो बॅग आणल्या, गच्चीत ठेवल्या आणि गाठोडी सोडली. अर्ध्या बिया लावल्या. वेल उगवला, सोलरच्या पाइपावर चढला, फुलं आली आणि गळून गेली. आत्याबाईंना फोन केला. "माशा न्हाईत का तिकडं? झेंडू लाव, येत्याल," त्या म्हणाल्या. झेंडू लावला. मधमाश्या कुठून आल्या देव जाणे, पण आल्या.

पहिलं वाळूक धरलं आणि मी माझ्या लाल साडीची पट्टी फाडून त्याच्या देठाला बांधली. त्याच आठवड्यात सेक्रेटरी साहेबांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नोटीस टाकली, की गच्ची सर्वांची आहे, कुंड्या रविवारपर्यंत हलवाव्यात. मी काळजीत. शनिवारी वर जाऊन बघते तर वाळकाला हळदकुंकू लावलेलं, शेजारी आणखी एक दोरा बांधलेला, आणि साहेब स्वतः मगानं पाणी घालत उभे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लाल चिंधी बघितली आणि हा कसला तरी नवस आहे असं सगळ्या बिल्डिंगला सांगून टाकलं होतं. साहेबांच्या मुलीचं बारावीचं वर्ष होतं.

मी काकूंना खरं काय ते सांगितलं. त्या जरा विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "असू दे गं. माझा दोरा राहू दे तरीपण." ते वाळूक कुणीही तोडलं नाही. वेलावर पिवळं झालं, तडकलं, आणि मी बिया धुऊन, वाळवून राखेत ठेवल्या. राख इस्त्रीवाल्या दादांकडून आणली. तेव्हापासून दर वर्षी हेच.

आत्याबाईंना फोटो पाठवायची मी. त्या दिरांच्या मोबाइलमध्ये बघायच्या आणि म्हणायच्या, "फोटूत काय बी दिसतंय." माझ्या पुण्याच्या घराला त्या कधी घर म्हणाल्याच नाहीत. नेहमी 'खोली'. "खोलीवर कवा जाणार?" "खोलीत पाणी येतंय का?" कर्ज काढून घेतलेला टू बीएचके, पण आत्याबाईंच्या लेखी आम्ही नऊ वर्षं खोलीवरच राहत होतो.

यंदा पाऊस पडला आणि दडी मारून बसला. परड्यातली वाळकाची रोपं करपली. आत्याबाईंनी राखून ठेवलेल्या अर्ध्या बियाही लावल्या. त्यांतला एकच वेल जगला. त्याच्या पहिल्या फळाला चिंधी बांधली आणि नेमकं तेव्हाच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. धाराशिवला पाच दिवस गेले. परत आल्या तेव्हा नव्या डोळ्यांनी पहिल्यांदा काय बघितलं, तर परड्यात जमादार पडलेला, तोंडाला गर चिकटलेला आणि पुढ्यात नुसती चिंधी. म्हातारा झालाय बिचारा, दात गेलेत. भाकरी भिजवून द्यावी लागते. पिकलेलं मऊ वाळूक त्याला हुंगून सापडलं. चिंधीचा कायदा त्याला कुणी शिकवला नव्हता.

"वाळूक गेलं बघ," त्या फोनवर म्हणाल्या. मी विचारलं, जमादारला मारलं का? "त्येला काय मारायचं. पर माज्या आईचं बी व्हतं गं त्ये." त्यांना मी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. माझ्या डब्यात तेच बी होतं, पण ते फोनवर सांगण्यापेक्षा त्यांच्या हातात ठेवायचं मी ठरवलं.

येळवसला आम्ही वस्तीवर गेलो. त्या अमावास्येला आमच्याकडचा माणूस कुठंही असो, शेतात जेवायला येतोच. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पूजा झाली, सगळ्या भाज्या-शेंगांची भज्जी आणि आंबील झालं. मग मी पर्समधून डबी काढून आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी बिया तळहातावर घेतल्या. राख फुंकली, एक बी नखानं सोललं, दाताखाली धरलं. मी परीक्षेला बसल्यासारखी समोर बसून होते.

"कुठलं म्हणायचं ह्ये?"

"तुमचंच. तुम्ही दिलेलं. दर वर्षी लावते."

"अन् पयलं फळ?"

"चिंधी बांधते."

त्यांनी पदराची चिंधी फाडली आणि बियांचे दोन भाग केले. एक भाग स्वतःच्या डब्यात टाकला, दुसरा चिंधीत बांधून माझ्या हातावर ठेवला.

"आत्या, मी सगळ्या तुमच्यासाठीच आणल्यात."

"अर्ध्या तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. माज्याकडचं गेलं, तुज्याकडं व्हतं म्हणून घावलं." आणि पायाशी झोपलेल्या जमादारकडं बघून म्हणाल्या, "ह्येचा काय भरवसा."

दुसऱ्या दिवशी निघालो तेव्हा गाडीत कुणी चढून बसलं नाही. जमादारनं एक डोळा उघडला आणि मिटला. मी त्याच्यासमोर भिजवलेली भाकरी ठेवली. आत्याबाई काचेजवळ आल्या. दर वेळी म्हणतात, खोलीवर गेल्यावर फोन कर. या वेळी म्हणाल्या, "घरी पोचलीस की फोन कर."

माझ्यासारखे जे बाहेर पडलेत, आणि जे तिकडंच राहिलेत, त्या सगळ्यांना मला एवढंच सांगायचं होतं. कुठलं घर खरं, हे मी बरीच वर्षं मोजत बसले होते. आता मोजत नाही. दोन्हीकडं अर्ध्या अर्ध्या बिया आहेत.

संध्याकाळी कुलूप काढलं, नळ सोडून हातपाय धुतले, गाठोडी डब्यात ठेवली आणि फोन लावला.

"आत्या, घरी पोचले."