चिंचेने घासलेल्या पुंगळ्या

मिशिगनला आल्यावर लोक बाग करतात, स्नो काढायचं मशीन घेतात. माझ्या नवऱ्याने बंदूक घेतली. बरं, घेतली तर घेतली, गोळ्या तरी विकतच्या आणाव्यात! छे. उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या गोळा करून आणायच्या आणि बेसमेंटमध्ये बसून पुन्हा भरायच्या. आठवडाभर कोड लिहून ह्याची हौस फिटत नाही. पण खरं सांगू? कॅलिपर धरून, जिभेचं टोक बाहेर काढून तो एकेका पुंगळीची लांबी मोजत बसला की मला फार गोड दिसतो.

मोजायचं कारण साधं आहे. बार उडाला की पुंगळी ताणते. ती तशीच लांब राहिली, तर पुढच्या वेळी तिचं तोंड बंदुकीच्या आत आवळलं जातं, दाब वाढतो आणि बंदूक गालाजवळच फुटू शकते. म्हणून लांब निघालेली कापायची, कड घासायची, पुन्हा मोजायची. मोजलेल्या एका डब्यात, राहिलेल्या दुसऱ्यात.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई नागपूरहून आल्या होत्या. एका रविवारी तो फोनवर असताना त्या बेसमेंटमध्ये गेल्या. काळवंडलेलं पितळ बघून त्यांना राहवतंय होय? दोन्ही डबे तिथल्या सिंकमध्ये उपडे केले, चिंच-मीठ लावून सगळं लख्ख घासलं आणि जुन्या साडीवर वाळत घातलं.

"बघ, कशा चमकून राहिल्या!"

फोन आटपून माझ्याबरोबर खाली आलेल्या नवऱ्याचा चेहरा पडला. मग ओढूनताणून हसत म्हणाला, "मस्त, आई. बऱ्याचशा मोजून झाल्याच होत्या. चालेल."

"काय चालेल?" माझं डोकंच फिरलं. "दोन्ही डबे एक झालेत, त्यात एखादी लांब राहिली असली तर? आईंना सांग ना, काय होतं ते!"

तो साडीवरच्या पुंगळ्या सारख्या करू लागला. शेवटी मीच सांगितलं. सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या.

"काहून नाही बोलला रे? डोळा गेला असता ना तुझा!" आणि रडायलाच लागल्या.

"अगं, अजून भरल्या कुठे आहेत?" म्हणत तो त्यांच्या पायाशी बसला. माझाही राग तिथेच संपला.

पुंगळ्या आतून-बाहेरून वाळल्यावर मायलेक टेबलाशी बसले. त्या पुसून द्यायच्या, तो मोजायचा. काही लांब निघाल्याच. दरवेळी सासूबाई "देवा रे" म्हणायच्या आणि तो कापेपर्यंत हलायच्या नाहीत. सगळ्या झाल्यावर त्याने डब्याला झाकण लावलं. आईंनी ते काढलं.

"पुन्हा मोज."

"आई, तुझ्यासमोरच मोजल्या ना?"

"माझ्यासाठी मोज."

ऑफिसात कुणी काम दुसऱ्यांदा तपासायला सांगितलं की आठवडाभर धुसफुसणारा हा माणूस! त्याने कॅलिपर शून्यावर आणला आणि पहिली पुंगळी उचलली.