हार सोडून बाबांवर वळलेला कॅमेरा

थांबा, हे आत्ताच सांगते, मी अजून हादरलेलीच आहे. आमचा व्हिडिओदादा डायरेक्टर झालाय. काल पनवेलच्या थिएटरात पडद्यावर त्याचं नाव आलं आणि माझ्या हातातली शेंगदाण्याची पुडी सांडलीच.

सात-आठ वर्षांपूर्वी तो आमच्या आळीतल्या स्टुडिओतर्फे लग्नाचं शूटिंग करायचा. तोंडात सारखं एकच, "परत करा." कळंबोलीच्या एका नवरदेवाला त्याने तीनदा गाडीतून उतरवलं. वऱ्हाडी वैतागले, "अरे, लग्न याचं आहे की तुझं?"

"याचंच. पण हा उतरतोय पोतं टाकल्यासारखा."

ताईच्या लग्नाची कॅसेट आली तेव्हा आख्खी आळी आमच्या घरात. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, आता हार घालणार, आणि कॅमेरा वळला बाबांकडे. बाबा मांडवाचा खांब धरून रडत होते. आमचे बाबा, शाळेत ज्यांची चप्पल वाजली तरी वर्ग गप्प व्हायचा ते. बाबा टीव्हीसमोरून उठून आत गेले. हार कॅसेटमध्ये नव्हतेच.

आई कडाडली, "मेल्या, तिच्या सासरी काय दाखवू?"

स्टुडिओवाल्या शेठने त्याला बजावलं, "रविवारपर्यंत हार पाहिजेत. आणि तो रडका म्हातारा काप. नाहीतर कॅमेरा ठेव नि चालू लाग."

मग काय, माहेरी आलेल्या ताईला आणि भावजींना गच्चीवर परत नटवून उभं केलं. गुरुजी म्हणाले, "एकाच जोडप्याला दोनदा मंगलाष्टकं म्हणत नसतो मी. अक्षता टाका आणि उरका." ताई हसत सुटली. पाच वेळा हार घातले तेव्हा कुठे दादाचं समाधान झालं. त्याचं पहिलं डायरेक्शन बहुतेक हेच.

हार आले, पण बाबांना कापायला तो तयार होईना. शेवटी बाबाच मला घेऊन स्टुडिओत गेले. "काप रे, माझ्यापायी नोकरी घालवू नकोस."

"काका, हार ताई अजून पन्नासदा घालेल. हे तुम्ही पुन्हा करून दाखवाल?"

त्याने न कापलेली कॅसेट बाबांच्या हातात दिली, कॅमेरा शेठच्या टेबलावर ठेवला आणि त्याच आठवड्यात मुंबई गाठली.

आई आता पाहुण्यांना हौसेने ती कॅसेट लावते. "अहो, तुम्ही आलात बघा," म्हणून आतल्या बाबांना हाक मारते. बाबा बाहेर येत नाहीत.

तुमच्याही घरच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये असं कधी न रडणारं माणूस रडताना सापडलंय का हो?