क्लॅरिनेटवाल्याचा पुढचा दात

१९७४च्या लगीनसराईत, रामदासपेठेतल्या दंतवैद्याच्या एकाच खोलीच्या दवाखान्यात माझ्याआधी त्याचा नंबर होता. बँडचा झालरी लावलेला लाल कोट घालूनच तो खुर्चीत बसला. पुढचा दात हलत होता; तो पडला तर क्लॅरिनेट सुटणार होतं.

“जंतूंचा चिकट थर बसलाय,” डॉक्टर म्हणाले. “दात घासत नाही?”

“रोज गुलाबपाण्याच्या चुळा भरतो जी.”

“चुळांनी काय होतंय? जंतू एकमेकांना धरून दाताला चिकटतात. घासावंच लागतं.”

“क्लॅरिनेटच्या नळीत तर रोज फडकं फिरवतो मी! नाही तर थुंकीनं बुळबुळीत होते. तोंडाचं काहून नाही सुचलं मले?”

थर खरवडून डॉक्टरांनी बजावलं, “दात वाचेल, पण महिनाभर वाजवायचं नाही.”

“ओठाले लावून नुसता चालीन. आमच्या बँडात अर्धे तसेच हायेत जी.”

तेव्हापासून व्यासपीठावर मान्यवरांची रांग दिसली, की त्यातला वाजवणारा कोण, ते मी शोधत बसतो.