मामांची मुकी शिट्टी

छापील अक्षरावर काडीचाही विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये एकच आहे, आणि तो नेमका हिचा मामा निघावा, हे माझं नशीब! मामांची हयात भांडुपच्या एका कारखान्यात माल तपासण्यात गेली. रिटायर झाले, पण तपासणी काही सुटली नाही. 'न गळणारी' छत्री आणली की आधी नळाखाली उघडणार. 'न चिकटणारा' तवा आणला की त्यावर गूळ वितळवणार, आणि मामी बिचारी तो तवा घासत बसणार. बरं, शंका स्वतःपुरती ठेवतील तर ते मामा कसले! आपल्यालाही साक्षीला उभं करणार, आणि "नाही हो, तसं काही वाटत नाही" म्हणालात की तुमची वाट लागली. प्रयोग पुन्हा पहिल्यापासून, वर व्याख्यान फुकट. म्हणून आमच्या बिल्डिंगमध्ये मामांना कुणी 'नाही' म्हणत नाही.

शेरू हा आमच्या सोसायटीचा लाडका कुत्रा. त्याला जेवायला बोलवायचं म्हणून मामा अशी आरोळी ठोकायचे की पाळण्यातली पोरं दचकून रडायला लागत. तक्रारी झाल्या, तेव्हा मामांनी कुत्र्यांची शिट्टी आणली. पाकिटावर छापलेलं, 'माणसाला ऐकू येत नाही.' झालं! "नाही म्हणजे किती नाही?" म्हणत स्वारी ऐन स्वयंपाकाच्या वेळी दारोदार फिरली. आपण पाठ करून उभं राहायचं, मामा फुंकणार, ऐकू आली का ते आपण सांगायचं. जोशीकाकू म्हणाल्या, "आली हो आली, माझी भाजी करपतेय!" तळमजल्यावरचे परब ओरडले, "येता हा ऐकाक, मामा, कान फुटले!" हीसुद्धा हो म्हणाली. मी तेवढा ऑफिसात असल्यामुळे वाचलो.

संध्याकाळी घरी येतो तर मामा पेटी घेऊन दारात उभे. गुरुवारच्या भजनाला वर्षानुवर्षं पेटी मामांचीच.

"ही ठेवा तुमच्याकडे, जावईबापू. शिट्टी सगळ्या बिल्डिंगला ऐकू येते, मला एकट्याला नाही. कान गेले माझे. भजनातही बेसूर वाजवत असेन, भिडेखातर कुणी बोलत नसेल."

एवढा आरोळ्या मारणारा माणूस, आणि आवाज पार खाली गेलेला.

"वाजवा बघू," मी म्हटलं. मामांनी गाल फुगवून जीव खाऊन शिट्टी फुंकली.

"मला तर नुसती फुस्स हवा ऐकू आली, मामा."

"अहो, तेवढी मलाही येते!"

तेवढ्यात ही हात पुसत बाहेर आली. "मामा, मला तरी कुठे ऐकू आली होती? कुकर लावायचा होता, म्हणून हो म्हटलं."

मामा खदखदून हसले. "म्हणजे माझे कान शाबूत, आणि बिल्डिंग खोटारडी!" एवढ्यात शिट्टीच्या हाकेला शेरू धापा टाकत जिना चढून आला. हुश्श! आमचे जीव भांड्यात पडले. पेटी तिथेच उघडली, आणि त्या आठवड्याचं भजन गुरुवारची वाट बघत थांबलंच नाही.

आता मामांना खरंच जरा कमी ऐकू येतं. परवा भजन आटोपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सुरात होतो ना? तुम्हीच सांगा, बाकीच्यांचं काही खरं नाही." शेवटच्या अभंगात एका ठिकाणी बोट घसरलं होतं. मी तसं सांगितलं. मामांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "एकाच ठिकाणी ना? मग पुढच्या गुरुवारीही वाजवतो." आणि पेटी माझ्या हातात दिली. हल्ली जिन्यावरून ती मीच नेतो.